लार्ज व्हाइट यॉर्कशायर जातीच्या डुकरांच्या माद्यांवर कोणत्या जातीचा नर लावावा?

सगळी पिल्लं मांसासाठीच विकायची असतील तर ड्युरॉक. त्याच्या पिल्लांच्या मांसात चरबीचे बारीक धागे जास्त उतरतात, म्हणून शिजवल्यावर ते कोरडं पडत नाही. पिएत्रेनमुळे मांडी भरदार होते, चरबी कमी. पण त्याच्यात हॅलोथेन जनुक असलं तर कापण्याआधी ताण आलेल्या जनावराचं मांस फिकं, लिबलिबीत पडून पाणी सोडण्याचा धोका वाढतो. त्या जनुकाची तपासणी झालीय का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

पुढच्या माद्या घरच्याच पैदाशीतून हव्यात? मग लँड्रेस घ्या. संकरित मादीला पिल्लंही जास्त, दूधही चांगलं. नर 8 महिन्यांचा होईपर्यंत लावू नका. आणि स्वतःच्याच लेकींवर तर कधीच नाही, पिल्लं कमी आणि मरतुकडी होतात.