फांदी दोराने उतरवताना

सोसायटीतलं झाड उतरवायचं म्हणतोस, तर आधी महापालिकेची परवानगी घे. महाराष्ट्राच्या १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्याने ती लागतेच.

आता फांदीला बांधून वरच्या बेचक्यातून खाली आणलेला दोर. तुटलेली फांदी एकदम अडवायची नाही. ५० किलोची फांदी मीटरभर पडून जागच्या जागी थांबली, तर झटका तिच्या वजनाच्या कितीतरी पट बसतो. म्हणून खालच्या माणसाने बुंध्याला दोन-तीन वेढे देऊन दोर सोडत सोडत तिचा वेग मोडायचा. दोर हाताला गुंडाळायचा नाही, कधीच नाही. स्वस्त प्लास्टिकचा दोर नको, घासून वितळतो. वर चढताना तू ज्यावर लटकतोस तो तुझा स्वतःचा दोर मात्र वेगळ्या, जाडजूड बेचक्यात बांध. आणि गुलमोहर असेल तर बाबा रे, लाकूड ठिसूळ असतं, बारीक फांदीवर जीव टांगू नकोस.