माणूस मारण्याची 'सुपारी' आली कुठून?

तुम्ही विचारलंय की मुंबईत 'सुपारी देणे' म्हणजे पैसे देऊन खून करवणे, तर त्याचा पूजेतल्या सुपारीशी काही संबंध आहे का. आहे, आणि अगदी जवळचा.

आमच्याकडे लग्नाचं पहिलं आमंत्रण अक्षत-सुपारी ठेवून देवाला. लग्न पक्कं झालं की 'सुपारी फुटली'. मग मागे फिरलात तर चारचौघांत नाचक्की. थोडक्यात, सुपारी म्हणजे दिलेल्या शब्दाची खूण. पैसे द्यायचे तो इसार, तो निराळा.

दोन्हींची सरमिसळ झाली ती कलावंतांच्या धंद्यात. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे जत्रेचे पुढारी तिथे येतात, घासाघीस होते, तारीख ठरते आणि फडाने 'सुपारी घेतली' असं म्हणतात. बँडवाल्यांचं, ऑर्केस्ट्रावाल्यांचंही तेच. तिथे 'सुपारी केवढ्याची?' या प्रश्नाचं उत्तर रुपयांतच येतं. खूण मागे पडली, काम आणि रक्कम तेवढी उरली. माझं मत विचाराल तर मुंबईच्या टोळ्यांनी हाच तयार शब्द उचलला. त्यांचाही व्यवहार तोंडीच की!

माहीमच्या भीम राजाने अवघड कामगिरीसाठी दरबारात विडा ठेवला, तिथून हा शब्द आला अशीही एक गोष्ट सांगतात. मला ती पटत नाही. विडा भर दरबारात ठेवतात, धमक असेल तो उचलतो. अफजलखानाने विजापूरच्या दरबारात विडा उचलल्याची कथा ऐकली असेलच. सुपारी मात्र ज्याला द्यायची त्यालाच जाते. आणि मारेकरी कधी सगळ्यांदेखत पुढे येतो का? विड्यात सुपारी असते एवढ्यावरून दोन्ही एक होत नाहीत. (गंमत म्हणजे 'विडा उचलणे' आजही सज्जनांच्याच वाट्याला आहे.)

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 111 मध्ये, संघटित गुन्हेगारीत, पैसे घेऊन केलेला खून येतो. पण वर्तमानपत्रांना मथळ्यात 'सुपारी'च लागते.

राजकारणात हल्ली 'सुपारीबाज' ऐकू येतं, त्यात खून-बिन काही नसतो. माणूस भाड्याने बोलतोय, बोलविता धनी दुसराच, एवढाच टोमणा. म्हणजे शब्द फिरून पुन्हा बँडवाल्यापाशी आला: ज्याची सुपारी, त्याच्या दारात वाजवायचं.