शिक्षा भोगून झाली, मग आता माफी कसली?

प्रश्न: आम्ही कॅलिफोर्नियात, लाँग बीचला राहतो. कोपऱ्यावरच्या डोनटच्या दुकानात एक कंबोडियन दादा आहे, दर शनिवारी माझ्या मुलासाठी गुलाबी खोक्यात एक डोनट जास्तीचा टाकतो. मागच्या आठवड्यात त्यानेच सांगितलं, १९व्या वर्षी रॉबरीच्या केसमध्ये १२ वर्षं आत होता, सुटून ९ वर्षं झाली आणि आता त्याला कंबोडियाला पाठवायचं म्हणतायत. जन्म थायलंडच्या निर्वासित छावणीतला, कंबोडिया बघितलेलाही नाही! गव्हर्नरकडे माफीचा अर्ज केलाय, त्यासाठी माझं पत्र हवंय. पण शिक्षा तर झाली ना भोगून? आणि आमचं ग्रीन कार्ड अजून लाइनीत, नवरा म्हणतो नको त्या भानगडीत पडू नकोस.

उत्तर: ताई, सगळा घोळ तुमच्या पहिल्याच प्रश्नात आहे. आपल्याकडे दयेचा अर्ज म्हटलं की फाशी आणि राष्ट्रपती एवढंच आठवतं. इथे त्याला तुरुंगातून सोडवायचं नाहीये, गुन्ह्याच्या शिक्क्याने देशातून काढतायत ते थांबवायचंय. अमेरिकेचा कायदा हद्दपारीला शिक्षा मानतच नाही, ती दिवाणी कारवाई, त्यामुळे एकाच गुन्ह्याला दोनदा शिक्षा कशी असं कोर्टात विचारून उपयोग नाही. त्यात १९९६ च्या कायद्यांनी 'अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी'त, म्हणजे हद्दपारीसाठी गंभीर धरलेल्या गुन्ह्यांच्या यादीत, इतके गुन्हे घातले, तेही जुन्या केसेसना लावून, की इमिग्रेशन जज्जला माणूस बघून सवलत द्यायला फारशी जागाच उरली नाही. कंबोडियाने माणसं परत घ्यायचं २००२ मध्ये कबूल केलं, त्याआधी हद्दपारीची ऑर्डर निघायची पण पाठवणार कुठे, म्हणून लोक इमिग्रेशन ऑफिसात हजेरी लावत इथेच राहिले, संसार थाटले. लहानपणी रेफ्युजी म्हणून आले, ग्रीन कार्ड मिळालं, आईबापांना वाटलं झालं आता, नागरिकत्वाचा फॉर्म राहूनच गेला. (आपल्यातलेही बरेच ग्रीन कार्डावर निवांत बसलेले असतात, त्यांनी हे वाचून ठेवा.)

गव्हर्नरने पूर्ण, बिनशर्त माफी दिली तर अ‍ॅग्रव्हेटेड फेलनीच्या नावाखाली होणारी हद्दपारी टळू शकते, तशी तरतूद कायद्यातच आहे. नुसती शिक्षा कमी करून मात्र हे होत नाही. आणि ड्रग्ज किंवा बंदुकीचं कलम वेगळं लागलं असेल तर माफी मिळूनही ते कलम उभंच राहतं, म्हणून त्याच्या वकिलाने नेमकी कलमं बघितलीयत का ते आधी विचारा. दोन वेगवेगळ्या फेलनी (गंभीर गुन्हे) असतील तर कॅलिफोर्नियात राज्याच्या सुप्रीम कोर्टाच्या ७ पैकी ४ न्यायाधीशांची शिफारसही लागते. आणि माफी हातात पडली म्हणजे सुटला असंही नाही, जुनी ऑर्डर असेल तर केस परत उघडायचा अर्ज करावाच लागतो, तोही वेळेत, कारण एकदा विमानात बसवलं की पुढचं सगळं फार अवघड.

आता तुमचं पत्र. तुम्ही त्याला जामीन राहत नाही, स्पॉन्सरही होत नाही, ओळखीच्या माणसाबद्दल खरं ते लिहिताय एवढंच. तरी धाकधूक असेल तर तुमच्या ग्रीन कार्डच्या वकिलाला एक फोन करा, मिस्टरांचीही शंका फिटेल. माझं विचाराल तर मी पत्र दिलं असतं.

फक्त 'फार चांगला माणूस आहे' छापाचं लिहू नका, तसली पत्रं तिथे गठ्ठ्याने पडलेली असतात. किती वर्षं ओळखता, कुठे भेटता ते लिहा, त्या गुलाबी खोक्याचं लिहा. त्याच्या गुन्ह्याबद्दल तुम्हाला माहितीय आणि तरी हे पत्र देताय, हे एका वाक्यात स्वच्छ येऊ दे, लपवलंत तर पत्राची किंमत जाते. खटला चुकीचा होता वगैरे वाद घालू नका, माफी मागणारा सहसा गुन्हा मान्य करूनच मागत असतो, आणि ज्याला लुटलं तोही माणूसच होता. एक पान पुरे. तारीख, सही घाला आणि परस्पर पोस्टात टाकू नका, त्याच्या वकिलाकडे द्या, अर्जाला जोडून तेच पाठवतील.