छोट्या शाळेत कृतीतून शिक्षणासाठी वेगळी खोली बांधावी की तयार किट घ्यावीत?

तुम्ही लिहिलंय की शाळा कोल्हापुरात आहे, विनाअनुदानित, मराठी माध्यम, पहिली ते सातवी, दीडशेच्या आसपास मुलं. पुढच्या पाच वर्षांचा आराखडा चाललाय आणि समितीत दोन तट पडलेत. एक म्हणतो वरच्या मजल्यावर 'अ‍ॅक्टिव्हिटी रूम' बांधू, दुसरा म्हणतो तयार किट घेऊ. खर्च साधारण किती येईल, हेही विचारलंय.

दोन्ही करू नका.

मी अशाच एका शाळेत अकरा वर्षं शिकवलं. नाव लिहीत नाही. कोल्हापूर केवढंसं आहे, ओळखणारे ओळखतील. तिथे खोलीही झाली आणि किटही आली. मी शेवटचं गेले तेव्हा खोलीला कुलूप होतं, किल्ली क्लार्ककडे होती आणि क्लार्क रजेवर होते.

पण त्याआधी, 2013 साली, त्याच शाळेत खोली नसताना एक काम झालं होतं. ते सांगते.

आमची घंटा म्हणजे साखळीला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. दिवाळीच्या सुट्टीत तो कुणीतरी भंगारात घातला. सुट्टी संपल्यावर पंधरा दिवस शिपाईमामा शिट्टी फुंकत होते. सातवीत तेवीस पोरं होती. त्यातला एक म्हणाला, "बाई, आपणच करूया की घंटा." मी हो म्हणून बसले आणि रात्री आण्णांना विचारलं.

आण्णा म्हणजे माझे वडील. अडतीस वर्षं उद्यमनगरात, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वस्तीत, पॅटर्नमेकर. ओतकामासाठी वाळूत ठसा उमटवायचा लाकडी नमुना, म्हणजे पॅटर्न, करणारे. निवृत्त झाल्यापासून दिवसभर पेपर मोठ्यानं वाचून आईचं डोकं खायचे. म्हणाले, "शनिवारी येतो. रंधा, पटाशी माझी मी आणतो. तुमच्या शाळेचं काय नको."

पहिल्या शनिवारी त्यांनी कुणाला लाकडाला हात लावू दिला नाही. खिशातून आपली स्टीलची पट्टी काढली आणि म्हणाले, तुमची फूटपट्टी हिच्याशेजारी ठेवा. आण्णांच्या पट्टीवरचे तीनशे मिलिमीटर पोरांच्या पट्टीपेक्षा तीन मिलिमीटर लांब निघाले. वर्गात गलका. "आजोबा, तुमची पट्टी खोटी हाय!"

"कुणाची खोटी ते तुम्हीच ठरवा," आण्णा म्हणाले.

बीड, म्हणजे ओतीव लोखंड, गार होताना मीटरमागे साधारण दहा मिलिमीटर आकसतं. म्हणून लाकडी पॅटर्न तेवढा मोठा करायचा, आणि दरवेळी हिशेब करत बसायला नको म्हणून पॅटर्नमेकरच्या पट्टीवरच्या खुणाच तेवढ्या लांब पाडलेल्या असतात. शेकडेवारी मी या पोरांना सहावीत दोन महिने शिकवली होती. त्या पट्टीपाशी ती पाच मिनिटांत कळली. मला बरं वाटलं आणि जरा लागलंही.

मग सागवानाची गोल चकती. 240 मिलिमीटर व्यास, 20 जाडी. करवतीनं कापली, कानशीनं घासली. कड सरळ ठेवली तर पॅटर्न उपसताना वाळूची कड ढासळते, म्हणून कडेला किंचित उतार द्यावा लागतो. आण्णा हे बोललेच नाहीत. पत्र्याच्या डब्यात ओलसर वाळू ठोकून घेतली आणि म्हणाले, आता चकती वर काढा. तीनदा कड ढासळली. चौथ्यांदा एका मुलीनं न विचारता कानस उचलली.

घंटा किती किलोची होईल? वर्तुळाचं क्षेत्रफळ आठवीत, आणि आमची पोरं सातवीत. आण्णांनी उद्यमनगरचा हिशेब सांगितला. सागवानी पॅटर्न तोला आणि अकरानं गुणा. वाण्याच्या काट्यावर पॅटर्न भरला 590 ग्रॅम, म्हणजे साडेसहा किलो. ओतून आल्यावर भरली 6 किलो 800. "वाळू ढिली ठोकली होती," आण्णा म्हणाले, "फुगली." अकराच का, यावर मात्र मी एक तास घनता शिकवली. त्या वर्षातला माझा तो सर्वांत चांगला तास. बीड पाण्याच्या सव्वासात पट जड आणि सागवान पाण्याच्या दोन तृतीयांशाहून जरा कमी, एवढं फळ्यावर लिहिलं आणि मी गप्प बसले. बाकीचं पोरांनी केलं.

ओतकाम आण्णांच्या ओळखीतल्या एका छोट्या फाउंड्रीत. पोरांनी ते ऑफिसच्या काचेतून पाहिलं, जवळ नाही. यात मला कुणी शहाणपण शिकवू नये. तेराशे-चौदाशे अंश तापमानाचा रस असतो तो.

सोमवारी घंटा टांगली. मामांनी हातोडी मारली. धप्प.

पुन्हा मारली. धप्प.

उंबऱ्यावर पाटा आपटावा तसा आवाज. बाकीचे वर्ग हसले, सातवीची तोंडं बघवेनात. रात्री मी आण्णांशी भांडले. तुम्हाला माहीत होतं ना वाजणार नाही म्हणून? "व्हय. अडतीस वर्षं बीड बघतोय." मग सांगितलं का नाही? "त्यांनी इचारलं कुठं?"

पुढचा शनिवार मला अजून दिसतो. आण्णांनी बिडाचा एक मोडका तुकडा आणला आणि म्हणाले, मोडला तिथं बोट घासा. बोटं काळी झाली. तो तुकडा कागदावर ओढला तर पेन्सिलीसारखी पुसट रेघ उठली. पेन्सिलीत जे असतं तेच या बिडात पापुद्र्यांसारखं पसरलेलं असतं, ग्रॅफाइट. हातोडीचा कंप त्या पापुद्र्यांत जिरतो. मग त्यांनी विचारलं, लेथ यंत्राचा बेड, म्हणजे खालचा जड पाया, कशाचा करतात? अर्ध्या पोरांचे बाप, काके उद्यमनगरात किंवा शिरोलीत कामाला. उत्तर आलं, बिडाचा. का? एक पोरगा म्हणाला, "थरथर पिऊन टाकतंय म्हणून." आण्णांनी त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की पोरगं पुढच्या बाकावर आपटलं. त्या आठवड्यात पोरांनी घरची सगळी भांडी वाजवून पाहिली. पितळी तांब्या, स्टीलचं ताट, बिडाचा तवा. एक आई तक्रार घेऊन आली की आमच्या पोरानं झोपू दिलं नाही.

आता आमच्या संस्थेच्या सचिवांचं. तीन आठवड्यांवर स्नेहसंमेलन, पाहुणे येणार. सचिव पाहणीला आले, त्यांनीही घंटा वाजवून बघितली. व्हरांड्यात, पोरांच्या आणि आण्णांच्या देखत मला म्हणाले, "बाई, पालक फी देतात ती पोरांनी सुतारकी करावी म्हणून नाही. आणि उद्या हे गृहस्थ आले नाहीत तर काय करणार?" आण्णांनी पट्टी खिशात घातली, "येतो" म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशी पितळी घंटा आली. बिडाची उतरवून पाण्याच्या टाकीच्या झाकणावर दाब म्हणून ठेवली.

हेच सचिव दर 2 ऑक्टोबरला गांधीजींची नई तालीम सांगायचे, 1937 ची वर्धा परिषद, हाताला काम आणि बुद्धीला चालना. शाहू जयंतीला 1917 चा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम. भाषणं चांगली असायची, खोटं कशाला बोलू. पण हाताला काम असलेला माणूस शाळेच्या व्हरांड्यात आला की त्याला 'हे गृहस्थ' म्हणायचं.

म्हणून तुम्हाला माझा पहिला सल्ला असा की पैसे माणसांवर घाला. पॅटर्नमेकर, कुंभार, चपला शिवणारे, गुळव्या, गवंडी, सायकल दुरुस्त करणारे यांतलं कुणीतरी तुमच्या शाळेपासून दोन किलोमीटरात असणारच. त्यांना मानधन द्या, दर महिन्याला, रजिस्टरात नाव घालून. शाल-श्रीफळ नको. स्टाफरूममध्ये खुर्ची द्या आणि पोरांना सर म्हणायला लावा. एवढं करायची समितीची तयारी नसेल तर कृतीतून शिक्षण हा शब्द माहितीपत्रकातून काढून टाका. कार्यानुभवाचा तास वेळापत्रकात आजही असतोच. त्यात कागदी फुलं होतात, ती करत राहा.

दुसरं म्हणजे गुऱ्हाळाची सहल ही कृती नव्हे. रस पिऊन, काकवी बाटलीत भरून पोरं परत येतात. त्यांना ऊस तोलायला लावा, गूळ तोलायला लावा. शंभर किलो उसाला दहा-बारा किलो गूळ कसा, उरलेलं गेलं कुठे, चिपाडात किती, वाफ किती, हे शोधायला लावा. नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातले सहावी ते आठवीचे दहा दप्तराविना दिवसही बहुतेक ठिकाणी दहा सहली होणार असं मला दिसतंय. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमानं माध्यमिकच्या मुलांना हातानं काम करत शिकायला आठवड्यातला एक पूर्ण दिवस ठरवला, तो वर्षभर. दहा दिवस आणि आठवड्यातला एक दिवस यांतला फरक तुमच्या समितीला कॅलेंडर पुढ्यात ठेवून दाखवा.

आणि प्रत्येक काम शाळेला खरंच लागणारं असू दे. आम्हाला घंटा लागत होती. तुमच्याकडे काय मोडलंय ते बघा. काहीच मोडलं नसेल तर पावसाळ्यात पंचगंगा आहेच. राजाराम बंधाऱ्याची रोजची पातळी पेपरात येते, इशारा 39 फूट, धोका 43 फूट. जून ते सप्टेंबर भिंतीवर आलेख काढा, शेजारी राधानगरीचा पाऊस आणि धरणाच्या स्वयंचलित दरवाजांची नोंद. 2019 च्या महापुरानंतर या गावातल्या कुठल्याही पोराला तो आलेख समजावून सांगावा लागत नाही. खर्च खडूचा.

शिक्षणतज्ज्ञ लीलाताई पाटलांनी 1985 साली कृतीतून शिकवणारं सृजन आनंद विद्यालय याच गावात सुरू केलं. तेव्हा कोल्हापुरात हे चालत नाही असं तुमच्या समितीत कुणी म्हणालं तर त्यांना आधी तिकडे पाठवा.

आराखड्याबद्दल थोडंच सांगते, कारण तो माझा प्रांत नाही. पाच वर्षांनी पहिलीत किती पोरं येणार हे आधी मोजा. बालवाडीचे आकडे घ्या, आसपासच्या इंग्रजी शाळांची फी बघा. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या राखीव जागांच्या फीपोटी सरकारकडून येणाऱ्या, परताव्यावर पगाराचं गणित बांधू नका. बांधकाम सगळ्यात शेवटी.

आता माझ्या बाजूचं जे लंगडं आहे तेही सांगते, नाहीतर त्या शाळेतलं कुणी हे वाचून खाली लिहीलच. पटाशीनं एका पोराचा अंगठा कापला होता, तीन टाके पडले. प्रथमोपचाराची पेटी होती, आत फक्त कापूस होता. पालकांची लेखी संमती मी घेतली नव्हती. तुम्ही घ्या, आणि पाचवीच्या आत पटाशी देऊ नका. अभ्यासक्रम मागे पडला, मार्चमध्ये जादा तास घ्यावे लागले. आणि सचिवांचं दुसरं वाक्य, 'उद्या हे आले नाहीत तर', ते बरोबर होतं. मी तेव्हा पहिल्या वाक्याच्या रागात ते ऐकलंच नाही. आण्णा त्या दिवसानंतरही तीन शनिवार आले, माझ्यासाठी. मग फेब्रुवारीत त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि सगळं थांबलं. मी स्वतः रंधा धरायला शिकले नव्हते. कुणाही शिक्षकाला शिकू दिलं नव्हतं, कारण ते माझं आणि आण्णांचं काम होतं. तुमच्याकडे जो कारागीर येईल त्याच्या शेजारी पहिल्या दिवसापासून एक शिक्षक शिकाऊ म्हणून उभा करा. हे पाच वर्षांच्या आराखड्यात लिहून ठेवा, त्या शिक्षकाच्या नावासकट.

खर्चाचं विचारलंत ते राहिलंच. सचिवांची पितळी घंटा 2,400 रुपयांची, पावतीची झेरॉक्स माझ्याकडे अजून आहे. आमच्या बिडाच्या घंटेला सागवानाचा तुकडा, कानस, पॉलिश पेपर आणि फाउंड्रीतल्या चहासकट 640 रुपये लागले. ओतकामाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. आण्णांचे शनिवार त्यात धरलेले नाहीत, मी कधी धरलेच नाहीत. तुम्ही धरा, म्हणजे तुमचा आकडा माझ्यापेक्षा बराच मोठा येईल.