पगार वेळेवर देऊनही कामगार सहा महिन्यांत सोडून जातात, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की जळगाव एमआयडीसीत तुमचं 60 कामगारांचं चटईचं युनिट आहे, पगार 7 तारखेच्या आत होतो, पीएफ-ईएसआय भरता, तरी माणसं टिकत नाहीत.

पीएफ, जादा तासांचा दुप्पट दर, किमान 8.33 टक्के बोनस हे कायद्याचं देणं आहे. त्यात कसर असेल तर आधी ती भरून काढा. पण तेवढ्यावर माणूस थांबत नाही. त्याचा रोजचा संबंध तुमच्याशी नसतो, शिफ्टच्या सुपरवायझरशी असतो. गॅलप या सर्वेक्षण संस्थेच्या अभ्यासांनुसार एका गटाचं मन कामात लागतं आणि दुसऱ्याचं लागत नाही, या फरकातला सुमारे 70 टक्के वाटा त्यांच्या वरिष्ठाचा असतो.

आपल्याकडे सगळ्यात हुशार लूम ऑपरेटरलाच सुपरवायझर करतात. तिथेच गडबड होते. बढतीआधी दोन महिने त्याच्या हाताखाली नवा पोरगा द्या. पोरगा शिकला आणि टिकला, तरच बढती. एकाकडे 12 ते 15 पेक्षा जास्त माणसं देऊ नका.

शिफ्ट बदलताना मशीनजवळ उभ्यानेच 10 मिनिटं बोला: मागच्या शिफ्टला काय बिघडलं, आज किती माल काढायचा, कोणाला काय अडचण. अमळनेर-पारोळ्याकडच्या पोराला त्याच्या अहिराणीत ‘तुले काय अडचण शे?’ असं विचारलं तर तो मोकळं बोलतो. अडचण फळ्यावर लिहा, समोर जबाबदार माणूस आणि तारीख. 48 तासांत उत्तर द्या; ‘जमणार नाही’ हेही चालेल, पण कारणासकट. असे फळे बहुतेक तिसऱ्या आठवड्यात बंद पडतात, कारण पंख्याच्या कपॅसिटरसाठीसुद्धा सुपरवायझरला मालकाची वाट पाहावी लागते. त्याला महिन्याला 2,000 रुपये स्वतःच्या अधिकारात खर्चू द्या.

खरी कसोटी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला लागते. लेकी-बहिणी माहेरी येतात, कामगार गावी जाणारच. ‘रजा नाही’ म्हटलं की तो न सांगता दांडी मारतो, तुम्ही पगार कापता, मग तो परतत नाही. महिनाभर आधी रजेची वही फिरवा. निम्मे आखाजीला जातील, उरलेल्यांना श्रावणातल्या कानबाईच्या सणाला किंवा पोळ्याला पहिला हक्क. वही ठरली की मालकानेही ती मोडायची नाही, ऑर्डर कितीही मोठी असो.

त्याच दिवसांत पारा 45 च्या आसपास असतो आणि प्लास्टिक वितळवणाऱ्या एक्स्ट्रुडरजवळ तर विचारूच नका. तिथल्या माणसाची तासातासाने अदलाबदल करा, गार पाणी आणि ओआरएस हाताशी ठेवा. उन्हाळ्यात लागलेल्या नव्या माणसाला पहिला आठवडा हलकं काम द्या. शरीराला उष्णतेची सवय व्हायला 7 ते 14 दिवस लागतात. हे न पाळल्यामुळे कितीतरी पोरं चौथ्या दिवशीच निघून जातात आणि आपण त्यांना आळशी म्हणतो. हे मला फार अन्यायाचं वाटतं.

मत घ्यायचं तर निनावी चिठ्ठ्या घ्या, पण 15 दिवसांत निकाल फळ्यावर लावा आणि महिन्यात एक तरी गोष्ट करून दाखवा. नाहीतर पुढच्या खेपेला चिठ्ठ्या कोऱ्या येतील.

सोडून जाणारा ‘घरी काम आहे’ एवढंच सांगतो. त्याचा हिशेब दोन दिवसांत चुकता करा आणि महिन्याने त्याला फोन लावा. सुपरवायझरला लावायला सांगू नका, तुम्ही स्वतः लावा.