तिकिटात वाचलेले 28 हजार खरंच वाचतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुंबई ते सिंगापूर थेट विमानाने चौघांचे जाऊन-येऊन 1,32,000 रुपये होतात. मुंबई ते क्वालालंपूर एक तिकीट आणि तिथून सिंगापूरचं वेगळं तिकीट काढलं, तर 1,04,000. मधे अडीच तास मिळतात. ‘दोन्ही विमानतळांत अंतर जेमतेम 300 किलोमीटर, विमान तासाभराचं, मग 28 हजार का सोडायचे?’

अंतर तुम्ही बरोबर सांगितलंत. पण वेळ विमानात जात नाही, जमिनीवर जातो. तिकिटं वेगळी असली की बॅगा सहसा क्वालालंपूरलाच उतरवून घ्याव्या लागतात. म्हणजे मलेशियाच्या इमिग्रेशनची रांग, बॅगांची वाट, कदाचित टर्मिनल 1 वरून 2 ला ट्रेनने जाणं, मग पुन्हा चेक-इन. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. तुमच्या अडीच तासांतले हातात उरतात दीड, आणि तेही पहिलं विमान वेळेवर उतरलं तर. सोबत आई आहेत, हे विसरू नका.

आता पैसे. स्वस्त विमानकंपन्यांच्या मूळ भाड्यात चेक-इन बॅग बहुधा नसते. चार बॅगा, जाताना-येताना मिळून आठ वेळा, प्रत्येकी दीड हजार धरले तरी 12,000 गेले. खाणंपिणं आणि कार्डावरचा परकीय चलनाचा मार्कअप (बँकेचं जादा शुल्क) यांचे 3,000 धरा. उरले 13,000.

खरी जोखीम परतीच्या दिवशी आहे. जाताना विमान चुकलं तर तासाभराच्या प्रवासाचं छोटं तिकीट बुडेल. त्रास होईल, पण झेपेल. येताना सिंगापूरहून निघायला उशीर झाला तर क्वालालंपूर-मुंबई हे मोठं तिकीट चौघांचं बुडतं. तिकिटं वेगळी असल्याने दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. त्याच दिवशीची नवी तिकिटं माणशी 20,000 धरली तर 80,000. असं दहातून एकदाच होईल असं मानलं, तरी त्या जोखमीची किंमत 8,000 होते. म्हणजे हातात राहिले 5,000. एवढ्यासाठी मी हा प्रवास करणार नाही, तुम्हीही करू नये. प्रवासविम्यावर विसंबायचं असेल तर वेगळ्या तिकिटांवरचं चुकलेलं विमान त्यात धरलंय का, ते आधी वाचा; अनेक पॉलिसींत ते नसतं.

मात्र सुट्टीचे दिवस असतील तर क्वालालंपूर टाकूनच देऊ नका. 1 डिसेंबर 2023 पासून भारतीयांना मलेशियात 30 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. सवलत अजून चालू आहे का, तेवढं निघण्याआधी तपासा आणि मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड (पोहोचण्याआधीचा ऑनलाइन फॉर्म) भरा. मुंबईहून क्वालालंपूर, दोन मुक्काम, मग सिंगापूर आणि तिथून थेट मुंबई, असा ‘मल्टी-सिटी’ दर काढून बघा. मग मधल्या प्रवासाला घाई राहत नाही. बसने पाच-सहा तास लागतात, शिवाय सरहद्दीवर दोनदा उतरावं लागतं आणि शनिवार-रविवारी तिथे कोंडी होते. त्यामुळे आईंसाठी तो टप्पा विमानानेच करा.

सिंगापूरचा व्हिसा कोणत्याही मार्गाने लागणारच आहे. तो चौघांचा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं एकही तिकीट काढू नका.