स्क्रुटिनीची नोटीस आली आहे, सीए लावू की स्वतःच उत्तर देऊ?

तुमचा प्रश्न असा आहे: पगारदार आहात, रिटर्न स्वतःच भरता, आता आयकर कायद्याच्या कलम १४३(२) ची, म्हणजे रिटर्नच्या सविस्तर तपासणीची (स्क्रुटिनीची) नोटीस आली आहे. सीए लावायची गरज आहे का, आणि लावला तर तो नेमकं काय करतो? मी यातून गेलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो. माझं मत आधीच सांगतो. माणूस लावा, आणि पहिलं उत्तर अपलोड करण्याआधी लावा. मी उलटं केलं आणि त्याचा त्रास वर्षभर पुरला.

तुम्ही प्रश्नात 'टॅक्स ऑडिट' म्हटलंय. आपल्याकडे टॅक्स ऑडिट म्हणजे व्यापाऱ्यांनी कलम ४४अब खाली सीएकडून हिशेब तपासून घेणं. तुमचं ते नाही, तुमची स्क्रुटिनी आहे. सीएला फोन कराल तेव्हा हाच शब्द वापरा, नाहीतर पहिली पाच मिनिटं गोंधळात जातात. आणि १४३(१) ची नुसती सूचना आली असेल तर एवढी धावपळ नको, तो संगणकाने जुळवलेला हिशेब असतो.

माझी गोष्ट. मी सातपूरला कंपनीत नोकरीला, घर निफाड तालुक्यात, वडील आणि काकांची कांद्याची शेती. वडील थकले आहेत, बँकेची कामं मीच करतो. २०२१-२२ मध्ये कांद्याचे रोख मिळालेले १४ लाख ६० हजार रुपये मी माझ्या बचत खात्यात भरले. बचत खात्यात वर्षात १० लाखांवर रोख भरली की बँक ते आयकर खात्याला कळवते. माझं रिटर्न मात्र साधं आयटीआर-१, त्यात फक्त पगार. २०२३ च्या जूनमध्ये नोटीस निघाली. मला ती कळली ऑगस्टमध्ये, कारण आयकर पोर्टलवर ईमेल आणि मोबाईल रिटर्न भरून देणाऱ्या माणसाचा होता. तुमचं असं काही असेल तर आजच बदलून घ्या. नोटीस न पाहिल्यामुळे उत्तर गेलं नाही तर प्रत्येक चुकीला १०,००० रुपये दंड होऊ शकतो आणि अधिकारी कलम १४४ खाली तुमच्याशिवायच निकाल देऊ शकतो.

घाबरून मी त्याच रात्री उत्तर लिहिलं: 'सदर रक्कम माझ्या शेतीच्या उत्पन्नाची आहे.' सोबत बँकेचं स्टेटमेंट जोडलं. मनात पाप नव्हतं. घरची शेती म्हणजे माझीच शेती, असंच आपण बोलतो. पण सात-बारा वडील आणि काकांच्या नावावर, आणि माझ्या रिटर्नमध्ये शेतीचं उत्पन्न शून्य. फेब्रुवारी २०२४ मध्ये कारणे दाखवा नोटीस आली, तिचा सगळा जोर माझ्याच वाक्यावर होता. तुम्ही म्हणता शेती तुमची, मग जमीन कुठे आहे आणि उत्पन्न रिटर्नमध्ये का नाही? पूर्ण रक्कम कलम ६९अ खाली खुलासा न झालेला पैसा धरायचा प्रस्ताव होता. त्यावर तेव्हा कलम ११५बबई लागायचं: ६० टक्के कर, त्यावर २५ टक्के अधिभार, त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे एकूण ७८ टक्के. माझ्या बाबतीत ११ लाख ३८ हजार ८०० रुपये. व्याज आणि दंड वेगळा. उत्तराला मुदत सात दिवस.

तेव्हा कुठे मी नाशिकमधल्या एका सीए बाईंकडे गेलो. त्यांनी आधी माझं जुनं उत्तर दोनदा वाचलं आणि विचारलं, "हे कोणी सांगितलं लिहायला?" मग कामाला लागल्या. पोर्टलवरून मुदतवाढ मागितली. वडिलांकडून प्रतिज्ञापत्र घेतलं: पैसे माझे, शेतीचे, मुलाने फक्त भरले. सात-बारा, आठ-अ (खात्यावरच्या जमिनीचा उतारा), त्या हंगामाची ई-पीक पाहणी (पिकाची ऑनलाइन नोंद), आणि बाजार समितीतल्या हिशेबपट्ट्या. घरातल्या पत्र्याच्या पेटीतून आईने एकेक पट्टी काढून दिली. सीए बाईंनी प्रत्येक पट्टीची तारीख आणि हमाली-तोलाई वजा जाता हातात आलेली रक्कम एका तक्त्यात मांडली, आणि समोर ती रक्कम बँकेत कोणत्या तारखेला भरली ते. मी जे तोंडाने कधीच सांगू शकलो नसतो ते त्या दोन पानांच्या तक्त्याने सांगितलं.

दुसरी एक गोष्ट मला कधीच सुचली नसती. आता हे काम फेसलेस चालतं, म्हणजे अधिकाऱ्याला न भेटता ऑनलाइन, कलम १४४ब खाली. तुमची फाईल देशातल्या कुठल्याही शहरातल्या अधिकाऱ्याकडे जाऊ शकते. त्याला मराठी येत असेलच असं नाही. सात-बारावरचे रकाने, 'उन्हाळ कांदा', 'काटापट्टी' हे त्याने कसं वाचायचं? बाईंनी प्रत्येक मराठी कागदाचा इंग्रजी अनुवाद जोडला आणि लासलगाव-पिंपळगावकडे कांद्याचा लिलाव कसा होतो, पैसे कसे मिळतात, यावर एक पान लिहिलं. आपला व्यवहार ज्याने कधी पाहिला नाही त्याच्यापुढे तो उभा करणं, हेच प्रतिनिधीचं खरं काम, असं मला तेव्हा कळलं.

मग त्यांनी सुनावणी मागितली. अधिकारी तुमच्या विरोधात बदल सुचवतो तेव्हा व्हिडिओवरून म्हणणं मांडायची मागणी करता येते, पण ती आपण करावी लागते. सुनावणी पंचवीस मिनिटं झाली, मी शेजारी बसलो होतो. सुरुवातीलाच बाईंनी माझं पहिलं विधान चुकीचं होतं हे मान्य केलं आणि का चुकलं ते सांगितलं. मी असतो तर वाद घातला असता. मार्चमध्ये आदेश आला. १२ लाख ७० हजार मान्य झाले. ज्यांच्या पट्ट्या सापडल्या नाहीत त्या १ लाख ९० हजारांवर ७८ टक्के लागले. त्याविरुद्ध आम्ही ३० दिवसांच्या आत आयुक्त (अपील) यांच्याकडे अपील केलं, फी १,००० रुपये. मागणीच्या २० टक्के भरून उरलेल्या वसुलीला स्थगिती घेतली आहे. अपील अजून चालू आहे.

आता कोणाला लावायचं. कलम २८८ प्रमाणे सीए किंवा वकीलच हवा असं नाही, नातेवाईकही तुमच्या वतीने उभा राहू शकतो. पण तुमची रक्कम मोठी असेल तर स्क्रुटिनीची कामं नेहमी करणारा माणूस शोधा. रिटर्न उत्तम भरणारे पुष्कळ आहेत, पण ते काम वेगळं. सरळ विचारा: फेसलेस प्रकरणं किती हाताळली, व्हिडिओ सुनावणीला स्वतः बसाल की मदतनीस बसेल, अपिलाची वेळ आली तर तेही कराल का? फी आधी लेखी ठरवा, आणि ती आदेशापर्यंतची की अपिलासकट हेही. मी ३०,००० दिले, आदेशापर्यंतचे. 'जेवढा कर वाचवीन त्याचे इतके टक्के' असं कोणी म्हणालं तर उठून या. सीएंना त्यांच्या संस्थेच्या नियमांनी आणि वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी तशी फी घेता येत नाही. 'आतून काम करून देतो' म्हणणाऱ्याकडे तर बसूही नका.

अधिकारपत्र सही करून द्या आणि पोर्टलवर ई-प्रोसीडिंग्समध्ये त्यांचं नाव प्रतिनिधी म्हणून जोडा. प्रत्येक उत्तराचा मसुदा अपलोड होण्याआधी मागून घ्या आणि ओळ न ओळ वाचा. कायदा त्यांना कळतो, पण पैसे कुठून आले हे तुम्हालाच माहीत आहे. त्यांच्यापासून एकही खातं लपवू नका. आणि हे लक्षात असू द्या की कलम १३१ खाली शपथेवर जबाबासाठी समन्स आलं तर स्वतःलाच जावं लागतं, तिथे प्रतिनिधी तुमच्याऐवजी बोलू शकत नाही.

सगळ्यांनाच सीए लागतो असं मात्र मी म्हणणार नाही. मर्यादित स्क्रुटिनी असेल, मुद्दा एकच असेल, उदाहरणार्थ गृहकर्जाचं व्याज, आणि बँकेचा दाखला हातात असेल, तर तुम्ही स्वतः उत्तर देऊ शकता. तरीही एका तासाचा सल्ला घेऊन मसुदा दाखवा.

आज रात्री एवढं करा. नोटिशीवरचा डीआयएन (त्या नोटिशीचा ओळख क्रमांक) पोर्टलवर टाकून ती खरी आहे का तपासा, कारण हल्ली खोट्या नोटिसाही येतात. उत्तराची तारीख जवळ आली असेल तर मुदतवाढीची विनंती टाका, त्यात दुसरं काहीही लिहू नका. आणि नोटिशीत निवडीचं कारण काय दिलंय ते पॅन आणि नाव झाकून इथे प्रतिसादात लिहा, कोणते कागद आधी गोळा करायचे ते मला जमेल तेवढं सांगतो.